वाढणारा मज्जातंतू चाचपडत जातो: मेंदूतलं मऊ-कडक पेशीला कळतं कसं?

गेल्या वर्षी जूनमध्ये आईचा हात विळीवर सटकला, सुरण कापत होती, आणि तळहातावर मधलं बोट आणि करंगळीजवळचं बोट जिथे सुरू होतात तिथे खोल कापलं. टाके पडले ते पडलेच, पण आत मज्जातंतूही तुटला होता, तो डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली जोडला. दोन्ही बोटांच्या समोरासमोरच्या बाजू बधिर. नंतर प्रत्येक वेळी दाखवायला गेलो की डॉक्टर तिच्या बोटावर हळूहळू टकटक करत जायचे आणि विचारायचे, करंट कुठे आला? ती दाखवायची. दर खेपेला ती जागा थोडी पुढे सरकलेली असायची. रोज साधारण १ मिलिमीटर, असं ते म्हणाले. दिवाळीत गरम चकलीचा चटका तिला मधल्या बोटाच्या टोकाला लागला आणि ती चक्क आनंदाने ओरडली.

मला तेव्हापासून एकच प्रश्न पडलाय, त्या वाढत्या टोकाला कळतं कसं की पुढे जायचंय, आणि कुठल्या दिशेने? हे शोधत गेलो तेव्हा कळलं की शास्त्रज्ञ यावर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ काम करतायत आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यात एक अगदी नवी गोष्ट पुढे आलीय. हे टोक रस्त्याचा वास घेतं हे माहीत होतंच, पण ते रस्ता दाबून-ओढूनही बघतं, खालची जागा मऊ आहे की कडक हे चाचपून पाहतं. हा लेख त्या चाचपण्याबद्दल.

आधी एक स्पष्ट करतो. आपण बोलताना नस म्हणतो ती कधी रक्तवाहिनी असते, कधी मज्जातंतू. इथे सगळीकडे मज्जातंतूच.

वायर आहे, पण स्वतः चालत जाणारी

मेंदू आणि मज्जातंतू ज्या पेशींचे बनतात त्या चेतापेशी. प्रत्येक चेतापेशीतून एक लांब तार निघते, शाळेच्या पुस्तकात तिला अक्षतंतू म्हणतात, मी पुढे नुसतं तार म्हणतो. तुमच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी एखादी तार कमरेपासून निघालेली असते, म्हणजे एकाच पेशीची लांबी जवळपास एक मीटर.

घरात वायरिंग करताना वायरमन वायर ओढून नेतो. शरीरात ओढणारा कुणी नाही, गर्भात प्रत्येक तार स्वतःच वाढत वाढत आपल्या ठिकाणी पोचते आणि हे काम तिच्या टोकाचं असतं. १८९० मध्ये स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी कोंबडीच्या गर्भाच्या मज्जारज्जूत हे टोक पहिल्यांदा ओळखलं. त्यांच्यासमोर फक्त रंगवलेले, मेलेल्या पेशींचे काप होते, तरी ते म्हणाले की हे टोक किल्ल्याचं दार फोडायच्या ओंडक्यासारखं, पण जिवंत, मऊ आणि लवचीक, वाटेतले अडथळे बाजूला सारत पुढे जात असणार. मेलेल्या पेशीकडे बघून तिची हालचाल ओळखणं ही काय नजर असेल! १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भाचा छोटा तुकडा लिम्फच्या (शरीरातल्या एका पातळ द्रवाच्या) लटकत्या थेंबात ठेवला आणि तार खरंच वाढताना डोळ्यांनी पाहिली.

हे टोक तळहातासारखं पसरट असतं आणि त्यातून बारीक बारीक बोटं बाहेर येत असतात, आत जात असतात, सतत. लाइट गेल्यावर आपण भिंत चाचपत स्विच शोधतो ना, अगदी तसं.

हॅरिसन यांनीच पुढे अजून एक सुंदर प्रयोग केला, त्यांनी पेशींना कोळ्याच्या जाळ्याचे धागे दिले आणि पेशी त्या धाग्यांना धरून सरकल्या. नुसत्या पाण्यात त्यांना पुढे जाता येत नाही, काहीतरी धरायला लागतं. म्हणजे आधाराचं महत्त्व तेव्हाच दिसलं होतं, फक्त तो आधार मऊ आहे की कडक, हे मोजायची सोय नव्हती.

पण वासावरूनच जात असतील ना?

हो, आणि हे चूक नाहीये. रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात बेडकांच्या डोळ्याचा मज्जातंतू कापला आणि डोळा उलटा फिरवून बसवला. डोळ्याच्या तारा परत वाढल्या आणि मेंदूत आपापल्या जुन्याच जागी जाऊन जोडल्या गेल्या, त्यामुळे बेडकाला जग उलटं दिसायला लागलं, माशी वर असली तर तो खाली झेपायचा. त्यावरून स्पेरींनी मांडलं की प्रत्येक तारेला आणि प्रत्येक जागेला रासायनिक ओळख असते.

पुढे ती रसायनं सापडलीसुद्धा. काही तारेला बोलावणारी, काही हाकलणारी. १९९४ मध्ये सापडलेल्या एकाचं नाव नेट्रिन, आणि हे नाव संस्कृतमधल्या नेतृ या शब्दावरून ठेवलंय, वाट दाखवणारा, आपला नेता शब्द तिथलाच. हाकलणाऱ्यांमध्ये सेमाफोरिन नावाचं कुटुंब प्रसिद्ध आहे.

तर वास हा भाग पक्का आहे. अडचण अशी की हे जवळपास सगळं समजलं ते पेशी काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या बशीत वाढवून. आणि प्लॅस्टिक मेंदूपेक्षा किती कडक असतं याचा अंदाज आला तर धक्का बसतो.

मेंदू किती मऊ?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी, निदान घरातल्या कुणीतरी, फॅटी लिव्हरसाठी फायब्रोस्कॅन केला असेल. त्या रिपोर्टवर एक आकडा असतो, किलोपास्कलमध्ये. तो लिव्हरचा कडकपणा. निरोगी लिव्हर साधारण ५ च्या आसपास, लिव्हर खराब होऊन त्यात जखमेसारखे धागे तयार झाले की आकडा चढत जातो. कडकपणा म्हणजे इतकंच, दाबल्यावर किंवा ओढल्यावर एखादी गोष्ट आपला आकार किती सोडते. कमी सोडत असेल तर कडक.

मेंदूचा आकडा बहुतेक मोजमापांत १ किलोपास्कलच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. चांगला चिकाचा खरवस डोळ्यासमोर आणा, थरथरणारा, बोट लावलं की खड्डा पडणारा, मेंदू त्याच जातीतला. आणि प्रयोगशाळेतली प्लॅस्टिकची बशी याच्या साधारण दहा लाख पट कडक. म्हणजे शंभर वर्षं आपण खरवसात राहणाऱ्या पेशीला फरशीवर आणून ठेवलं आणि ती कशी चालते याच्या नोंदी केल्या. तो अभ्यास फुकट गेला असं मी अजिबात म्हणत नाही, त्यातूनच नेट्रिन मिळालं, पण एक अख्खी बाजू दिसलीच नाही कारण फरशी सगळीकडे सारखीच कडक असते.

मेंदू तसा नसतो. त्यात काही भाग जरा घट्ट, काही जरा सैल. गर्भात तर हे बदलतही राहतं.

आंबा दाबल्याशिवाय कळत नाही

इथे मूळ मुद्दा येतो आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. वास आपोआप नाकापर्यंत येतो. कडकपणा तसा येत नाही. आढीतला आंबा तयार झाला का हे नुसतं बघून नक्की सांगता येत नाही, अंगठ्याने हलकं दाबावं लागतं, म्हणजे आधी तुम्ही जोर लावता आणि मग उत्तर मिळतं. पेशीलाही तेच करावं लागतं.

टोकातल्या त्या बोटांमध्ये अॅक्टिन नावाच्या प्रोटीनचे दोर असतात आणि मायोसिन नावाची प्रोटीनची छोटी इंजिनं हे दोर सतत मागे, पेशीच्या आतल्या बाजूला ओढत असतात (आपल्या स्नायूतही हीच जोडी काम करते). बोटाच्या बाहेरच्या बाजूला काही चिकटणारे रेणू असतात, ते एका हाताने बाहेरचा पृष्ठभाग धरतात आणि आतून दोराला धरतात. गाडीच्या क्लचसारखं समजा. क्लच लागला की इंजिनाचा जोर बाहेर पोचतो आणि टोक पुढे सरकतं, क्लच सुटला की दोर नुसताच मागे घसरत राहतो.

आता एक दोरी भिंतीतल्या हुकाला बांधून ओढा. हुक हलतच नाही, त्यामुळे ताण क्षणात वाढतो. तीच दोरी पेरूच्या कोवळ्या फांदीला बांधून ओढा, फांदी तुमच्याकडे वाकत येते आणि ताण हळूहळू वाढतो. तुमचे डोळे बांधलेले असले तरी दोरी हातात कशी ताणली जाते यावरून पलीकडे भिंत आहे की फांदी हे सांगता येईल. पेशीचंही असंच असावं असं हे क्लचचं मॉडेल सांगतं. कडक जागेवर ताण झटकन वाढतो, मऊ जागेवर सावकाश, आणि क्लच किती वेळ टिकतात, कधी सुटतात हे त्यावर ठरतं. २००८ मध्ये क्लॅरेन्स चॅन आणि डेव्हिड ऑड यांनी कोंबडीच्या गर्भातल्या चेतापेशी मऊ आणि कडक जेलवर ठेवून हा फरक प्रत्यक्ष दाखवला.

ताण आला, पण पेशीला कळवलं कुणी?

दोरी ताणली गेली ही झाली भौतिक घटना. पेशीला समजेल अशा भाषेत ती बदलायला हवी, आणि पेशीची आवडती भाषा म्हणजे कॅल्शियम. बाहेर कॅल्शियम भरपूर, आत अगदी थोडं, त्यामुळे पेशीच्या पापुद्र्यात एखादं दार क्षणभर उघडलं तरी आत मोठी बातमी पोचते.

ताण आल्यावर उघडणारं असं दार सस्तन प्राण्यांच्या पेशींत अनेक वर्षं सापडत नव्हतं. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत आर्डेम पटापूटियन आणि बर्ट्रांड कोस्ट यांनी ते शोधलं, आणि कसं तर, बारीक पिपेटने टोचल्यावर प्रतिसाद देणाऱ्या पेशी घेतल्या, संशयित जनुकांची यादी केली ७२ जणांची, आणि एकेक जनुक बंद करत बसले. यादीतलं अगदी शेवटचं, ७२वं जनुक बंद केलं तेव्हा पेशीला टोचलेलं कळेनासं झालं. ७१ वेळा काहीच हाती न लागता पुढे जात राहणं, याला मी मनापासून नमस्कार करतो. त्या दाराचं नाव पीएझो-१, दाब या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. त्याचा भाऊ पीएझो-२ आपल्याला स्पर्श जाणवून देतो, आणि डोळे मिटले तरी हातपाय कुठे आहेत हे कळतं तेही त्याच्यामुळे. २०२१ चं नोबेल पटापूटियन यांना यासाठीच मिळालं, डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत.

पीएझो दिसायला तीन पात्यांच्या पंख्यासारखं असतं. पापुद्र्यात ते बसलं की तिथे खोलगट वाटीसारखा आकार होतो, पापुद्रा ताणला गेला की वाटी सपाट व्हायला लागते आणि मधलं छिद्र उघडतं.

बेडकाच्या डोळ्यापासून मेंदूपर्यंत

आता हे सगळं खऱ्या मेंदूत चालतं का? याचं सगळ्यात ठोस उत्तर केंब्रिजमधल्या क्रिस्टियान फ्रान्झे यांच्या गटाने २०१६ मध्ये दिलं. त्यांनी आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाचे गर्भ घेतले. या गर्भाच्या डोळ्यातून तारांचा जुडगा निघतो, मेंदूच्या पृष्ठभागावरून वर चढतो आणि एका ठरावीक जागी वळण घेऊन आपल्या मुक्कामी जातो. दर वेळी तिथेच वळतो.

त्यांनी जिवंत गर्भाचा मेंदू एका अतिशय नाजूक पट्टीने ठिकठिकाणी दाबून पाहिला. त्या पट्टीच्या टोकाला एक सूक्ष्म मणी असतो, मणी टेकवून दाबायचं आणि पट्टी किती वाकली ते लेसरने मोजायचं, म्हणजे परत आंबा दाबणंच, फक्त खूप हलक्या हाताने. या मोजणीतून मेंदूचा मऊ-कडक नकाशा तयार झाला. आणि तारा वळत होत्या त्या मऊ बाजूकडे.

बशीत त्यांनी जेल बनवले, काही मऊ, काही घट्ट. घट्ट जेलवर तारा भरभर, सरळ आणि एकमेकींना समांतर वाढल्या. मऊ जेलवर हळू, आणि इकडेतिकडे शोध घेत. मग एकाच जेलमध्ये एका बाजूने दुसरीकडे कडकपणा बदलत नेला, कुठलंही रसायन कमीजास्त न करता, तर तिथेही तारा मऊ बाजूला वळल्या.

पण घट्ट जागेवर पळायला सोपं असेल तर मऊ जागेकडे का वळायचं? मलाही आधी हे उलटं वाटलं. बैलगाडी आठवा. रस्त्याच्या डाव्या कडेला चिखल आहे आणि गाडीचं डावं चाक त्यात शिरलं. डावं चाक मंदावतं, उजवं पक्क्या रस्त्यावर त्याच वेगाने चालतंय, आणि गाडी आपसूक डावीकडे, चिखलाकडे वळते. जुडग्यातल्या तारा एकमेकींना चिकटून चालतात, मऊ बाजूच्या मंदावल्या आणि घट्ट बाजूच्या पुढे गेल्या की अख्खा जुडगा मऊ बाजूला वळणार. मऊ जागा तिला आवडते वगैरे म्हणायची गरज पडत नाही.

पुढची पायरी म्हणजे मुद्दाम बिघडवून बघणं. त्यांनी मेंदूचा कडकपणा बदलला, तारा भरकटल्या. टॅरंट्युला कोळ्याच्या विषातलं एक प्रोटीन देऊन ताण ओळखणारी दारं बंद केली, तारा भरकटल्या. पीएझो-१ कमी केलं, तरी भरकटल्या. तिन्ही बाजूंनी एकच उत्तर.

आणि हा नकाशा आधीपासून छापलेला नसतो, हे त्याच गटाने २०१९ मध्ये दाखवलं. तारा वळणाशी पोचण्याच्या थोडंच आधी, मिनिटांच्या हिशेबात, तो कडक-मऊ फरक तयार होतो, कारण एका भागात पेशींची संख्या वाढून गर्दी होते आणि गर्दीची जागा घट्ट होते. पेशींचं विभाजन थांबवलं तर हा फरक नीट तयार झाला नाही आणि तारांचं वळणही बिघडलं. पालखी यायच्या जरा आधी रस्ता तयार व्हावा, तसा प्रकार आहे हा.

मग वास मोठा की स्पर्श?

हा वाद आता जरा मागे पडतोय, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या निघाल्या. फ्रान्झे यांच्या गटाच्या नंतरच्या कामात दिसलं की मेंदूचा एखादा भाग जास्त कडक झाला तर तिथल्या पेशी सेमाफोरिन, तेच हाकलणारं रसायन, बनवायला लागतात आणि त्यासाठी त्या पेशींमध्ये पीएझो-१ लागतं. आणि पीएझो-१ काढून टाकलं तर पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी प्रोटीनं कमी होऊन तो भाग मऊच पडतो. म्हणजे हे दार कडकपणा मोजतंही आणि टिकवतंही. वास आणि स्पर्श अशी वेगवेगळी खाती आपण आपल्या सोयीसाठी केली, पेशीने नाही.

बेडकाचं माणसाला लागू होतं का?

हा प्रश्न रास्त आहे. पीएझो माणसात आहेच, आणि ज्या लोकांमध्ये पीएझो-२ जन्मापासून बिघडलेलं असतं त्यांना डोळे मिटून चालणं जवळपास अशक्य होतं हे डॉक्टरांनी नोंदवलंय. पण माणसाच्या गर्भात मेंदू दाबून बघत तारा कशा वळतात हा प्रयोग कुणी करणार नाही, करूही नये. शिवाय सगळ्या चेतापेशी सारख्या वागतात असंही नाही, मेंदूतल्या काही पेशी अगदी मऊ जागेत छान फुटवे काढतात, हातापायाकडे जाणाऱ्या काहींना त्यापेक्षा घट्ट जागा मानवते. त्यामुळे मऊ चांगलं आणि कडक वाईट असा नियम कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका.

उंदरांमध्ये एक गोष्ट तर सगळ्यांच्या अपेक्षेच्या उलट निघाली. हाताच्या तुटलेल्या तारा परत वाढतात, मज्जारज्जूतल्या जवळपास वाढत नाहीत, आणि जखमेच्या जागी कडक व्रण होतो म्हणून तारा अडतात असं वर्षानुवर्षं बोललं जायचं. त्वचेवरचा व्रण कडक असतोच, त्यामुळे ते पटायचंही. २०१७ मध्ये मोठ्या उंदरांच्या मेंदू आणि मज्जारज्जूतले व्रण मोजले तर ते निरोगी भागापेक्षा मऊ निघाले! म्हणजे तिथे तारेला धरायला पुरेसा घट्ट आधारच मिळत नसेल, ही शक्यता आता विचारात घ्यावी लागते. व्रणात हाकलणारी रसायनंही असतात, त्यामुळे सगळा दोष मऊपणावर टाकता येत नाही.

मग दाबून, मसाज करून नसा वाढवता येतील का?

हा प्रश्न येणारच म्हणून लिहितो. नाही. पेशी ज्या जोराबद्दल बोलते तो इतका बारीक आहे की तेलाच्या मालिशीने त्यात नेमका हवा तो बदल करता येईल असं मानायला काही आधार नाही. दुखणं कमी वाटत असेल तर मालिश जरूर करा, पण बधिर झालेल्या हातापायासाठी न्यूरोलॉजिस्टकडे जायचं टाळू नका, मधुमेह असेल तर अजिबातच टाळू नका.

आणि पीएझो जास्त चालू केलं की तारा जास्त वाढतील असंही नाही. २०१९ मध्ये फळमाश्या आणि उंदरांवरच्या कामात उलटंच दिसलं, तुटलेल्या तारेत पीएझो ब्रेकसारखं काम करत होतं आणि ते काढल्यावर तार जास्त चांगली परत वाढली. गर्भात वाट दाखवणारं दार मोठेपणी वाट अडवतं! त्याच वर्षी आणखी एक काम आलं, म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूतल्या, तारांवर वेष्टण चढवणाऱ्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशींवर. वयानुसार मेंदूची ती जागा कडक होत जाते आणि या पेशी सुस्तावतात. त्यांना तरुण मेंदूइतक्या मऊ जेलवर ठेवलं तर त्या तरुणासारख्या वागायला लागल्या. तरुण पेशींना कडक जेलवर ठेवलं तर त्या म्हाताऱ्यासारख्या.

म्हणूनच मज्जारज्जूच्या जखमेत भरायला जे जेल बनवले जातायत त्यात आता औषध कुठलं घालायचं याबरोबर ते किती पास्कलचं असावं हाही प्रश्न असतो. उपचार म्हणून हे अजून दवाखान्यात पोचलेलं नाही.

आईच्या हाताचं सांगायचं राहिलं. तिच्या तुटलेल्या तारांना गर्भातल्यासारखी कोरी वाट शोधायची नव्हती, जुन्या तारांची आवरणं पाइपांसारखी तिथे होतीच आणि त्यातून त्या पुढे गेल्या. पण एका मज्जातंतूत असे पाइप खूप असतात आणि जोडताना प्रत्येक तार आपल्याच पाइपात जाईल असं करता येत नाही. त्यामुळे अजूनही तिच्या मधल्या बोटाच्या कडेला एका जागी हात लावला की तिला वाटतं शेजारच्या बोटाला लावला. डोळे मिटून दोनदा तपासलं आम्ही. आता ती रोज सकाळी तांदळाच्या डब्यात हात घालून, आधी बघून आणि मग डोळे मिटून, कुठलं बोट कुठलं हे मेंदूला परत शिकवत असते.